अकरा महिन्यांचं घर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या स्नेहसंमेलनात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. ते निवृत्त बँक अधिकारी असून सोसायटीचे माजी सचिव आहेत. अनेकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे पदाधिकारी, ए, बी आणि सी विंगमधल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आणि "आजोबांचं संपलं की नाश्ता" या एकाच आशेवर शांत बसलेल्या बालमित्रांनो,

समितीने मला विषय दिला होता 'आपल्या सोसायटीची २५ वर्षे'. पण पाण्याची टाकी कधी बांधली, लिफ्ट कधी बदलली, रंगकामाला किती खर्च आला हे सगळं अध्यक्षांनी माझ्या आधी सांगून टाकलं. बँकेत एकच व्हाउचर दोनदा पास करत नाहीत. म्हणून मी विषय बदलतोय. मी बोलणार आहे वन बीएचकेबद्दल, म्हणजे आपल्या ए विंगमधल्या २४ लहान घरांबद्दल आणि त्यांत भाड्याने राहणाऱ्या माणसांबद्दल.

परवा स्मरणिकेची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली होती. शेवटी सभासदांची यादी आहे. ए विंगमधल्या २४ घरांपैकी १३ घरांपुढे ज्यांची नावं आहेत, ती माणसं तिथे राहतच नाहीत. कोणी पुण्याला, कोणी दुबईला, कोणी मुलाकडे अमेरिकेत. आणि जी तिथे राहतात, रोज आपल्या लिफ्टमधून जातात, आपल्यासारखीच पाणी गेलं की वॉचमनला हाक मारतात, त्यांचं नाव कुठेच नाही. ते वाचलं आणि मला माझे जुने दिवस आठवले.

मी वाईकडचा. १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो, फोर्टमधल्या शाखेत. चार वर्षं मावसभावाकडे परळला काढली. १९७७ मध्ये लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जागेचं काय?" मुलगा काय करतो हे नंतर. मुंबईत तेव्हा पागडी देण्याची ऐपत नव्हती, म्हणून आमच्यासारखे सगळे गाडीत बसून पुढे पुढे सरकत डोंबिवलीला उतरले. मीही उतरलो.

पहिली जागा स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर. एक खोली, एक स्वयंपाकघर, गॅलरीच्या टोकाला चार बिऱ्हाडांत एक संडास. भाडं १२० रुपये, डिपॉझिट दीड हजार. घरमालकांना सगळे अण्णा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या अटी ऐका. भाड्याची पावती मिळणार नाही. रेशनकार्डावर हा पत्ता घालायचा नाही. गॅससाठी या पत्त्यावर नंबर लावायचा नाही. आणि अकरा महिने झाले की जागा सोडायची. मग महिनाभर गावी जाऊन आलात तर पुन्हा बघू.

तरुण मंडळींना वाटेल, काय हा छळ. पण त्यामागचं कारण मला बँकेत कर्जाची कागदपत्रं बघताना कळलं, ते सांगतो. आपल्याकडे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. त्यात भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेलं आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य. त्यातून वाट काढायला मालक 'भाडं' न म्हणता 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणू लागले. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जो लायसन्सी घरात राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. एका रात्रीत! त्याची धास्ती अण्णांसारख्या मालकांनी जन्मभर घेतली. पावती, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक म्हणजे त्यांच्या दृष्टीने उद्याच्या दाव्यातले पुरावेच. आणि अकराच महिने का? तर एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी टाळायची म्हणून अकरा महिने. तेव्हा अण्णाही घाबरलेले आणि आम्हीही घाबरलेले. दोघांच्या मध्ये एक भिंत, आणि भिंतीपलीकडून रोज सकाळी त्यांच्या पूजेची घंटा ऐकू यायची.

तर अशा रीतीने १९७७ ते १९८५ या आठ वर्षांत आम्ही डोंबिवलीत सहा घरं बदलली. सामान फार नव्हतं. एक हातगाडी पुरायची. दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी, स्टोव्ह, पितळी पिंप, शिलाई मशीन, आणि सगळ्यात वर तुळशीची कुंडी. कुंडी हातगाडीवर ठेवायला सौभाग्यवतींचा विरोध असे. ती त्या कडेवर घेऊन चालत. चौथ्या वेळेला एका कडेवर मुलगा आणि एका कडेवर तुळस. रेशनकार्ड गावच्या पत्त्यावर, म्हणून रॉकेल शेजाऱ्यांकडून मागून घ्यायचं. पाणी पहाटे चारला, तेही मालकाचं भरून झाल्यावर. मुलाला शाळेत घालताना पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा मी फॉर्मवर पेन टेकवून बराच वेळ बसलो होतो. कोणता लिहू? शेवटी बँकेच्या शाखेचा लिहिला. हेडमास्तर म्हणाले, "मुलगा बँकेत राहतो का?"

हे मी कौतुकाने सांगत नाही. गरिबीच्या गोष्टी म्हातारपणी गोड लागतात, तेव्हा लागत नव्हत्या. सौभाग्यवतींना एका मालकिणीने सांगितलं होतं, जिन्यात बसून भाजी निवडायची नाही, जिना मालकांचा आहे. हे वाक्य त्या आजही विसरलेल्या नाहीत.

पुढे मी अधिकारी झालो, बदल्या झाल्या, बँकेची घरं मिळाली. २००० साली कर्ज काढून बी विंगमध्ये स्वतःचं घर घेतलं. त्याच वर्षी सोसायटी नोंदली गेली. दारावर नावाची पाटी लावली तेव्हा मी खाली कंपाउंडमध्ये उभा राहून वरच्या खिडकीकडे बघत राहिलो होतो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला तेरा वर्षं लागली.

२०११ मध्ये मी निवृत्त झालो आणि आपण मला सचिव केलंत. माणसाला रिकामा वेळ आणि लेटरहेड एकदम मिळालं की काय होतं ते आपण जाणता. ए विंगमध्ये तेव्हा भाडेकरू वाढू लागले होते. तक्रारी येत होत्या. एका घरात तीन मुलं म्हणून सांगितलं आणि आठ राहिली. रात्री दीडला मोटारसायकली. एकाने जाताना संडासाच्या पाइपात सिमेंटचं पाणी ओतलं, ते काढायला आपल्याला सहा हजार पडले. या तक्रारी खऱ्या होत्या, मी त्या नाकारत नाही. त्यावर मी एक सूचना काढली आणि बोर्डवर लावली. तिचा मसुदा माझा, सही माझी. "भाडेकरूंनी वाहने कंपाउंडमध्ये लावू नयेत. गच्चीचा व सभागृहाचा वापर फक्त सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

त्या वेळी ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्या, त्यांची आई आणि दहा वर्षांची मुलगी. नाव मी सांगणार नाही. भाडं वेळेवर, आवाज नाही, तक्रार नाही. रात्रपाळी करून सकाळी परत येताना दिसायच्या. त्यांची मुलगी आणि आमची नात एकाच वर्गात, संध्याकाळी दोघी खाली लंगडी खेळायच्या.

२०१२ ची कोजागिरी. याच गच्चीवर. सतरंज्या घातलेल्या, पातेल्यात दूध आटतंय, भेंड्या रंगलेल्या. नातीने मैत्रिणीला बोलावलं होतं. ती मुलगी स्वतःचा पेला घेऊन वर आली. वॉचमनने तिला त्या तिथे, दारातच अडवलं. त्याची काही चूक नव्हती. त्याने बोर्ड वाचला होता. मी चार पावलांवर उभा होतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आम्ही भाड्याचे आहोत म्हणून का?"

मी म्हणायला पाहिजे होतं, "ये गं बाळ, आत ये." एवढं सोपं होतं. पण समोर कमिटीची माणसं बसलेली, मीच काढलेला नियम मीच कसा मोडू असं मनात आलं, आणि मी म्हणालो, "आईला विचारून आलीस का?" काहीतरीच. ती खाली गेली.

सौभाग्यवतींनी हे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. किटलीत दूध भरलं, तीन पेले घेतले आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या मुलीच्या आजीशेजारी बसल्या. परत गच्चीवर आल्याच नाहीत. रात्री घरी मला एवढंच म्हणाल्या, "आपण सहा घरं बदलली. सातव्या घरात आल्यावर तुम्ही अण्णा झालात."

दुसऱ्या दिवशी मी सूचना काढून टाकली. पण नर्सबाईंकडे जाऊन बोललो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. त्यांचे अकरा महिने मार्चमध्ये संपले. एका रविवारी खाली टेम्पो लागलेला दिसला. मी खिडकीतून पाहिला आणि आत गेलो. त्यानंतर त्या कुठे गेल्या मला माहीत नाही. आज सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागतो. ऐकायला त्या इथे नाहीत, हे ठाऊक असूनही मागतो.

आता तुम्ही विचाराल, आज हे का काढलं? दोन कारणं आहेत.

पहिलं असं की आमची तीच नात आता नोकरीसाठी बंगळुरूला गेली आहे. वन बीएचके शोधते आहे. महिन्याभरात चार घरांनी नाही म्हटलं. पगार चांगला, डिपॉझिट द्यायला तयार, पण एकटी मुलगी नको. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "आजोबा, इथल्या सोसायट्यांतही तुमच्यासारखेच सेक्रेटरी असणार ना?" ती हसत होती. मला हसता आलं नाही. ती दुसरी मुलगीही आज तेवढीच असेल. तीही कुठेतरी घर बघत असेल.

दुसरं कारण, पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. अविवाहितांना आणि एकट्या राहणाऱ्यांना घर भाड्याने देऊ नये, आणि भाड्याच्या घरांवर महिना दोन हजार जादा आकारावेत. तो लिहून द्यायला कमिटीतले दोघे माझ्याकडे आले होते, कारण माझा मसुदा चांगला असतो! मी त्यांना नम्रपणे नकार दिला. कारणं आपल्या सर्वांसमोर ठेवतो, म्हणजे सभेत वेळ वाचेल.

पैशाचं आधी, कारण मी बँकेतला. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी जे ना-भोगवटा शुल्क घेते, त्याला शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातली आहे. सेवाशुल्काच्या १० टक्के, त्याहून जास्त नाही. सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स बिल नव्हे, महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. समजा सेवाशुल्क १२०० रुपये असेल तर हे शुल्क झालं १२० रुपये. दोन हजार कुठे आणि १२० कुठे! मालकाचं जवळचं कुटुंब राहत असेल तर तेही नाही. उद्या एखादा सभासद निबंधकांकडे गेला तर घेतलेले पैसे परत करायची वेळ येईल.

आता परवानगीचं. नव्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगीच लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. जिथे परवानगीचीच अट नाही, तिथे "लग्न झालंय का?" हे आपण कोणत्या नियमाखाली विचारणार?

मग आपल्या तक्रारींचं काय? त्याला उपाय आहे, फक्त तो भाडेकरूकडे नसून घरमालकाकडे आहे. आणि घरमालक म्हणजे आपलेच सभासद. त्यांना माझ्या तीन विनंत्या.

एक, करार नोंदवा. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय भांडण झालं तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून निश्चिंत झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खर्च किती? भाडं १४ हजार, डिपॉझिट ५० हजार, मुदत अकरा महिने धरा. एकूण भाडं १,५४,०००. डिपॉझिटवर १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज साधारण ४,५८३. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे ४०० रुपयांच्या आत-बाहेर. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. हे सगळं आता घरबसल्या ऑनलाइन होतं. आणि नोंदणी लागणारच आहे तर अकराच महिने कशाला? दोन-तीन वर्षांचा करा. मुलांची शाळा तरी मध्ये मोडणार नाही.

दोन, अण्णांची भीती सोडा. नव्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की घर परत मागण्याचा स्पष्ट हक्क तुम्हाला आहे. सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. १९७३ चं भूत आता राहिलेलं नाही.

तीन, किती माणसं राहणार, गाड्या किती, दुरुस्ती कोणाकडे, हे करारात लिहा. आणि चावी एजंटाच्या हातात देऊन विमानात बसू नका. एकदा स्वतः येऊन भाडेकरूची शेजाऱ्यांशी ओळख करून द्या. त्या आठ मुलांच्या वेळी मालकाला मी तीन पत्रं पाठवली होती, एकाचंही उत्तर आलं नाही. गोंधळ मुलांनी घातला हे खरं, पण आठ जण राहतात हे मालकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

भाडेकरू मंडळींनाही एक शब्द. आज तुमच्यापैकी काही जण मागे उभे आहेत, ते बघून बरं वाटलं. पुढे खुर्च्या आहेत, या, बसा. कराराची तुमची प्रत मागून घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. राहायला येताना घराचे फोटो काढून मालकाला पाठवा, म्हणजे सोडताना भिंतीच्या एका खिळ्यावरून वाद होणार नाही. ओला कचरा वेगळा द्या. रात्री अकरानंतर गाणी जरा हळू. हे शेवटचं आमच्या सी विंगमधल्या सभासदांच्या मुलांनाही लागू आहे, त्यांच्याबद्दल अजून कोणी ठराव आणलेला नाही.

आणि कमिटीला माझी एकच विनंती होती, ती अध्यक्षांनी आत्ताच मान्य केली आहे. या स्मरणिकेत सभासदांच्या यादीखाली आणखी एक यादी छापावी, 'आज येथे राहणारे' म्हणून. ज्यांची संमती असेल त्या सगळ्यांची नावं, घर क्रमांकाप्रमाणे. मालक, भाडेकरू असा रकाना नको. पान वाढलं तर त्याचा छपाईखर्च मी देईन.

स्मरणिका लोक जपून ठेवतात. आम्ही डोंबिवलीत आठ वर्षं काढली, पण आम्ही तिथे राहत होतो हे दाखवायला आमच्याकडे एक कागद नाही. ना पावती, ना रेशनकार्ड. मुलगा म्हणतो, "बाबा, माझा जन्म नक्की कोणत्या घरातला?" मी सांगतो, तिसऱ्या. पण दाखवणार काय? म्हणून हे एक पान.

पुढच्या कोजागिरीला मीही दूध आटवायला येणार आहे. दारात वॉचमन नसेल, मी उभा राहीन. पेले घरून आणायची गरज नाही.

बोलण्याच्या भरात वेळ जास्त घेतला असेल तर क्षमा करा. मुलांनो, नाश्ता तयार आहे.